सांगलीच्या मेडिकलवाल्या ताईंना जाहीर आभार

ताई, नमस्कार.

तुमचं नाव आणि दुकानाची पाटी इथे लिहीत नाही, ते तुम्हाला आवडायचं नाही. पण उन्हाळ्यात भर दुपारी तुम्ही मला एक ट्यूब द्यायला नाही म्हणालात, त्याचे आभार चारचौघांत मानायचे राहिले होते.

माझ्या पुतण्याच्या जांघेत नायटा उठला होता. तालमीतल्या पोराला नायटा होण्यात नवल नाही. घामेजलेलं अंग अंगाला घासतं, ओला लंगोट तसाच खुंटीला राहतो, कुणाचा टॉवेल कोण उचलतो पत्ता नसतो. त्यावर पोरांत एका ट्यूबचं नाव चालतं, दोन दिवसांत खाज बंद म्हणून. मी तीच मागितली.

तुम्ही खोकं उलटं करून बारीक अक्षरांवर बोट ठेवलंत: क्लोबेटासॉल. हे जोरदार स्टेरॉइड, त्याने लाली आणि खाज दबते, पण नायट्याची बुरशी मरत नाही, उलट पसरायला मोकळी होते. ट्यूब बंद केली की दुप्पट उठते, आणि मग नायट्याची गोल कडसुद्धा धड राहत नाही, डॉक्टरही चकतात. बाहेरून लावायची अशी १४ स्टेरॉइडं सरकारने २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये घातली, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, हेही तेव्हाच कळलं. (चार दुकानं पुढे गेलो असतो तर चिठ्ठी कुणी विचारली असती असं मला वाटत नाही. म्हणून तर हे पत्र.)

नुसतं नाही म्हणून तुम्ही मला वाटेला लावलं नाहीत. साधं क्लोट्रिमाझोल दिलंत, त्या ट्यूबपेक्षा स्वस्त, आणि कसं लावायचं ते कागदावर लिहून दिलंत. दिवसातून दोनदा, अंग कोरडं करून. नुसत्या चट्ट्यावर नाही, कडेच्या बाहेर अंगठाभर. डाग गेला तरी पुढे दोन आठवडे. कपडे गरम पाण्यात धुवून उन्हात, घरात आणखी कुणाला असेल तर त्यालाही एकदमच औषध. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: दोन आठवड्यांत फरक नाही, चेहऱ्यावर, डोक्यात किंवा नखात आलं, अंगभर पसरलं, नाहीतर साखरेचा आजार असेल, तर माझ्याकडे यायचं नाही, सिव्हिलला त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं. नेहमीच्या औषधांना न जुमानणारी बुरशी हल्ली आपल्याकडे पसरली आहे, तेव्हा मलमावर मलम बदलत बसू नका, असंही बजावलंत.

पुतण्याचा नायटा त्या साध्या मलमानेच गेला. त्याच्या जोडीदाराने मात्र ती दुसरी ट्यूब महिनोन्‌महिने चोळली होती. त्याच्या मांडीवर बाळंतिणीच्या पोटावर पडतात तशा रेघा पडल्या आहेत. त्या आता जायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तुमच्या कागदाची झेरॉक्स तालमीत चिकटवली आहे. वस्ताद आधी फुरंगटले. आखाड्याच्या मातीत हळद, ताक, तेल पडतं, तिथे नायटा येतोच कसा, हा त्यांचा सवाल. तुम्हाला सांगितलं तर हसून म्हणालात, ‘सांगलीत बसून हळदीला नावं कोण ठेवणार? हळद असू द्या, लंगोट रोज धुवा.’ हे वाक्य त्यांना पटलं. आता ज्याला चट्टा दिसेल त्याला बरा होईपर्यंत आखाड्यात उतरायचं नाही, फक्त जोर-बैठका. मॅटच्या स्पर्धांत वजनाच्या वेळी कातडी तपासतात, त्यामुळे पोरंही कुरकुर न करता ऐकतात.

यंदा कुंडलच्या कुस्ती मैदानाला पुतण्याची जोड लागेल असं दिसतंय. लागली तर तुम्हाला न्यायला गाडी घेऊन येतो. त्या दिवशी दुकान दुपारनंतर बंद ठेवा.

तुमचा,
पुतण्याचा काका