अग्निशमन जवानांच्या मनाची तपासणी सक्तीची हवी, ऐच्छिक नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिनाची बातमी आपल्या अंकात असते. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर स्फोट झाले, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या आठवणीचा हा दिवस. पुढं आठवडाभर प्रात्यक्षिकं होतात. आमच्या शाळेतही बंब येतो आणि फवाऱ्याखाली भिजायला मिळावं म्हणून पोरं पुढं पुढं करतात. त्याबद्दल काही म्हणायचं नाही. म्हणायचंय ते या आठवड्यात जवानांसाठी ठेवलेल्या व्याख्यानाबद्दल. विषय ठरलेला, ताणतणावाचं व्यवस्थापन. पाहुणे सगळ्यांना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावतात, शाल-नारळ होतो, चहा होतो, आणि जवानांच्या मनाची काळजी घेतली अशी नोंद वर्षभरासाठी होऊन जाते.

माझे पती जिल्ह्यातल्या एका अग्निशमन दलात आहेत. कुठल्या, ते मुद्दाम लिहीत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते.

आगी बघून बघून हे लोक हादरत असतील, असं बाहेरच्यांना वाटतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं थिएटर, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, आणि अख्खं कोल्हापूर खासबागेच्या रस्त्यावर उभं राहून रडत होतं. बाहेरून बंब मागवले त्यात यांचाही होता. सकाळी काळेमिच्च होऊन घरी आले, आंघोळ केली, ‘गेलं सगळं’ एवढंच म्हणाले आणि दुपारपर्यंत गाढ झोपले. वाईट सगळ्यांनाच वाटलं, यांनाही वाटलं. पण त्या आगीनं यांची झोप नेली नाही. ती नेली पुढच्या उन्हाळ्यात एका विहिरीनं.

गाव सांगत नाही. सहा-सात वर्षांचा मुलगा पडलेला. गळ टाकायला वडील नको म्हणाले, म्हणून हे कमरेला दोर बांधून आत उतरले. मुलाला वर घेताना काठावरून त्याची आई ओरडली, ‘काखेत धरू नका हो, त्याला गुदगुल्या होतात.’

पंचनामा झाला, गाडी स्टेशनला परत आली, दोर धुऊन वाळत घातले, वर्दीच्या, म्हणजे मदतीसाठी आलेल्या बोलावण्यांच्या, रजिस्टरात एक ओळ पडली. काम संपलं.

घरात आमची नात तेव्हा नुकती चालायला लागली होती. आजोबांना बघितलं की दोन्ही हात वर करून समोर उभी राहायची. हे उचलायचे नाहीत. आधी म्हणाले, कंबर धरलीय. मग ती खोलीत आली की हे गच्चीवर जायला लागले. सुनेनं मनाला लावून घेतलं; मुलगी झाली म्हणून सासरे हात लावत नाहीत, असं तिला वाटायला लागलं, आणि ते तिनं माहेरीही सांगितलं. रात्री उठून हे पाण्याच्या टाकीचं झाकण बघून यायचे, त्यावर दगड ठेवायचे. मग शेजाऱ्यांच्या टाकीवरही ठेवायला लागले, त्यावरून भांडण झालं. ज्या माणसानं कधी आवाज चढवला नाही, तो जेवताना ताट सरकवून उठायला लागला.

औषधं सुचवणाऱ्यांची कोल्हापुरात कमी नाही. नणंदेनं मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून दे, असं एकानं सांगितलं. साहेब म्हणाले, चार दिवस रजा टाक आणि जोतिबाला जाऊन ये. आम्ही गेलो, चांगभलं केलं, गुलाल-खोबरं उधळलं. माझी श्रद्धा आहे, नाही असं नाही. पण डोंगरावरून उतरल्यावर त्या रात्रीही टाकीवर दगड ठेवलाच.

शेवटी मानसोपचार तज्ज्ञांकडे गेलो, तेही शेजारच्या जिल्ह्यात. इथं दवाखान्याच्या बाकड्यावर कुणी ओळखीचं भेटलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते स्टेशनवर पोचलं असतं. डॉक्टरांनी सांगितलं, याला पीटीएसडी म्हणतात, आघातानंतरचा मानसिक विकार. अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या अधिकृत यादीत तो १९८० सालीच आला, व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल बघितल्यावर. प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर किंवा स्वप्नात येतो, त्याची आठवण करून देणारी प्रत्येक गोष्ट माणूस टाळतो, मन बधिर होतं किंवा स्वतःलाच दोष देत बसतं, आणि धोका टळला तरी शरीर सावधच राहतं. हे महिनाभरानंतरही चालू राहिलं आणि रोजचं जगणं अडायला लागलं, तर तो आजार. डॉक्टर बोलत होते आणि मी मनात नातीचे वर केलेले हात आणि टाकीवरचा दगड त्यात बसवत होते.

त्यांनी दुसरी एक गोष्ट विचारली जी आम्हाला कुणी विचारली नव्हती. विहिरीच्या आधीचं काय? मग २०१९ चा महापूर निघाला. शिरोळ तालुक्यात बोटीत जागा थोडी, माणसं जास्त. आधी कुणाला घ्यायचं हे यांनी ठरवायचं. एक म्हातारी म्हैस सोडून यायला तयार नव्हती, तिला तशीच ठेवून पुढं जावं लागलं. दुसऱ्या फेरीत ती सुखरूप सापडली, पण मधला वेळ यांच्या डोक्यातून कधी गेलाच नव्हता. पाणी ओसरल्यावर गोठ्यांतून जनावरं ओढून काढली ते तर कधी बोललेच नव्हते. अशा कामाचं एकावर एक साठत जातं, आणि कुठल्या वर्दीला बांध फुटेल ते सांगता येत नाही.

या आजाराला उपचार आहेत, हे मला ठासून लिहायचं आहे. त्या प्रसंगाकडे हळूहळू, डॉक्टरांच्या सोबतीनं परत जाण्याच्या बोलण्याच्या पद्धती आहेत, डोळ्यांच्या हालचालींचा वापर करून करायची एक पद्धत आहे, गरज पडली तर गोळ्याही आहेत. यांना फरक पडला. नातीला आता उचलतात; कमरेला धरून उचलतात, काखेत नाही.

मग हे सगळं साहेबांना का सांगितलं नाही? कारण सांगणाऱ्याचं काय होतं ते यांनी पाहिलंय. त्याला गाडीवरून उतरवून फोनवर बसवतात, आणि पोरं मागं ‘येडा झालाय’ म्हणतात. आपलं गाव तालमीचं. पैलवानाचा खांदा निखळला तर चौकातले चार जण तेल घेऊन धावतील आणि कुणी त्याला कमी समजणार नाही. झोप निखळली म्हणणारा मात्र ‘मर्द गडी असून’ ऐकून घेतो. ठेकेदाराकडून लागलेल्या पोरांचं तर आणखी अवघड. ती त्याच विहिरीत उतरतात, पण रजा नाही, उपचाराचा खर्च नाही, आणि तोंड उघडलं तर पुढच्या महिन्यात नाव यादीत असेलच असं नाही. कुठलीही योजना करा, आधी या पोरांना त्यात घ्या.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. ‘ज्याला गरज वाटेल त्यानं समुपदेशकाकडे जावं’ अशी ऐच्छिक सोय उपयोगाची नाही. गरज असलेला तिथं कधीच जाणार नाही, कारण त्या दारातून आत जाणं म्हणजेच कबुली. जायचं तर सगळ्यांनी जायचं, नवीन फायरमनपासून स्टेशन ऑफिसरपर्यंत. रक्तदाब आणि साखर तपासतात त्याच दिवशी, त्याच रांगेत. मग रांगेत उभं राहण्याची लाज राहत नाही.

सक्ती म्हटल्यावर एक घोळ होऊ शकतो, तोही लिहिते. वर्दीवरून परतलेल्या माणसाला त्याच रात्री बसवून ‘सांग काय बघितलंस’ असं करायचं नाही. असं एका बैठकीत सगळं वदवून घेणं वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे. त्या रात्री गरम जेवण, आंघोळ, घरी फोन आणि शक्य असेल तर पुढच्या वर्दीला दुसरा माणूस, एवढं पुरे. तपासणी नंतर, महिन्याभरानं, आणि करणारा माणूस खात्याबाहेरचा असावा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथून हे का जमू नये? कागद डॉक्टरांकडेच राहावा. कार्यालयाला ‘कामाला योग्य’ किंवा ‘विश्रांती हवी’ एवढंच कळावं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही, असं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे आणि मानसिक आजाराचा समावेश त्या कायद्याच्या यादीत आहे. या दोन कायद्यांची एकेक प्रत स्टेशनच्या भिंतीवर लागली तरी बरंच काम होईल. कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतानं २०१६ मध्ये याच्या पुढचं पाऊल टाकलं. तिथं अग्निशमन जवानाला पीटीएसडी झाला तर तो कामामुळंच झाला असं धरूनच चालतात. सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर टाकत नाहीत.

आणि घरच्यांना विचारा. वर्षातून एकदा बायकोला, आईला बोलावून ‘घरी कसे आहेत’ एवढं विचारलं, तरी रजिस्टरात कधीच न येणारं बरंच काही कळेल. तोवर ज्या घरांत हे चालू असेल त्यांच्यासाठी केंद्र सरकारचा टेलिमानस हा दूरध्वनी आहे, १४४१६. चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. स्टेशनच्या हॉलमध्ये चार सहकाऱ्यांच्या मधे बसून जवान तो लावणार नाही, पण घरातली बाई लावू शकते.

वाचकांनाही एक विनंती. त्या विहिरीचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर आला होता, यांच्या चेहऱ्यासकट, खाली हात जोडलेले आणि रडणारे इमोजी. कौतुकानंच टाकला असेल. पण जे विसरायला माणूस धडपडतोय तेच त्याच्या खिशात वाजत राहतं. वर्दीच्या ठिकाणी मोबाइल खाली ठेवा. वर्तमानपत्रांनीही पाण्यातून काढतानाचे फोटो छापू नयेत. आपल्या अंकात ते अधूनमधून असतात.

पत्राखाली माझं नाव घालू नये. नाव आणि पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे. यांना पत्र वाचायला दिलं होतं. त्यांनी दोन ओळी खोडल्या आणि म्हणाले, ठेकेदाराकडच्या पोरांचं लिहिलं नाहीस. ते आता वर घातलं आहे.

आपली,
एक शिक्षिका, कोल्हापूर