पगाराचं ठरलं, जबाबदारी लवादाकडे: सिअ‍ॅटलच्या महापौरांना खुले पत्र

माननीय महापौर केटी विल्सन यांस,
सप्रेम नमस्कार.

आपण जानेवारीत पदभार घेतलात, त्याआधीच डिसेंबर २०२५ मध्ये नगर परिषदेने पोलिस गिल्डशी, म्हणजे पोलिसांच्या संघटनेशी, २०२७ पर्यंतचा करार मंजूर केला होता. त्यानुसार नव्या पोलिसाला वर्षाला १,१८,००० डॉलर आणि सहा महिन्यांनी १,२६,००० डॉलर मिळणार. पोलिसांना चांगला पगार मिळावा, याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण शिस्तभंगाची चौकशी कशी व्हावी, शिक्षा कोणी ठरवावी, ती कोणी फिरवू शकावी, यातली महत्त्वाची कलमं त्याच करारात मिटली नाहीत. ती लवादाकडे गेली. पैसे आधी दिले आणि जबाबदारीचं बोलणं मागे ठेवलं. ही सौदेबाजी कोणाच्या हिताची होती?

हे पत्र मराठीत आहे, कारण ज्यांची मुलं पुण्या-नाशिकहून या शहरात शिकायला येतात त्यांनीही ते वाचावं. २३ जानेवारी २०२३ च्या रात्री डेक्स्टर अ‍ॅव्हेन्यू आणि थॉमस स्ट्रीटच्या चौकात आंध्रची २३ वर्षांची विद्यार्थिनी झेब्रा क्रॉसिंगवरून जात होती. वेगमर्यादा ताशी २५ मैल. पोलिसांची गाडी ७४ मैलांपर्यंत गेली होती आणि धडक बसली तेव्हा वेग ६३ मैल होता. ती १३८ फूट लांब फेकली गेली आणि तिचा जीव गेला.

या आकड्यांचा अर्थ रस्त्यावर काय होतो ते बघा. ७४ मैल म्हणजे ताशी ११९ किलोमीटर, सेकंदाला ३३ मीटर. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, तेवढ्यात ५० मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असले तरी पुढे आणखी ८० मीटर लागतात. एकूण १३०. हीच गाडी २५ मैलांवर असती, तर साधारण २६ मीटरमध्ये थांबली असती. आता पायी चालणाऱ्याच्या बाजूने मोजा. पंधरा मीटरचा रस्ता ओलांडायला दहा-अकरा सेकंद लागतात. तेवढ्यात ही गाडी साडेतीनशे मीटर येते. फुटपाथवरून पाऊल खाली टाकताना माणूस डावी-उजवी बघतो, तेव्हा ती धोका वाटावा इतकी जवळ नसतेच.

दिवे चालू होते. सायरन मात्र सलग नव्हता, चौकाजवळ तेवढा तुटक वाजवला गेला. उंच इमारतींच्या मधल्या रस्त्यावर तुटक आवाजावरून गाडी कुठून येतेय आणि किती वेगाने, हे कळत नाही. आवाज शंभर मीटरवरून नीट ओळखू आला असं धरलं, तरी त्या वेगाला हातात तीन सेकंद उरतात. राज्याचा कायदा आपत्कालीन गाडीला वेगमर्यादा ओलांडू देतो, पण कोणाच्या जिवाला धोका होणार नाही, या अटीवर. ही अट कोण तपासतं? अपघात झाल्यावर सरकारी वकील तपासतात. इथे त्यांनी गंभीर गुन्ह्याचा आरोप ठेवायला नकार दिला, आणि उरला तो ५,००० डॉलरचा दंड. गाडी चालवणाऱ्या पोलिस अधिकाऱ्याची बडतर्फी झाली जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी. याच अधिकाऱ्याला अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनच्या पोलिस खात्याने २०१३ मध्ये काढून टाकलं होतं, तरी आपल्या शहराने २०१९ मध्ये त्याला घेतलं.

त्या रात्री गिल्डचा उपाध्यक्ष अध्यक्षाशी फोनवर बोलताना हसला. अकरा हजारांचा चेक लिहा, तिची किंमत तशी मर्यादितच होती, असं तो म्हणाला. त्याचा बॉडी कॅमेरा चुकून चालू राहिला म्हणून हे जगाला कळलं. त्याच गिल्डशी शहर कराराच्या टेबलावर बसतं. या हसण्याची आठवण ठेवून तरी कोणी बसलं होतं का?

आता यंत्रांबद्दल. गाडीतला अपघात-नोंदक एअरबॅग उघडली किंवा वेगात एकदम मोठा फरक पडला, तरच आधीची काही सेकंदं जपून ठेवतो. पादचाऱ्याच्या धडकेने दोन टनांच्या गाडीच्या वेगात तेवढा फरक पडेलच असं नाही. त्यामुळे या नोंदकावर विसंबणं चूक आहे. गाडीच्या जीपीएसचा वेग, लाईटबार (टपावरचे दिवे) आणि सायरनची स्थिती ही तिन्ही दर सेकंदाला एकाच घड्याळावर नोंदली पाहिजेत. घड्याळं जुळलेली नसली की चौकशीत पहिले महिने तिथेच जातात. मर्यादेपेक्षा २० मैल जास्त वेग आणि सायरन बंद, असं दिसलं की गाडी परत येण्याआधी सार्जंटच्या पडद्यावर सूचना हवी. लाईटबार सुरू होताच कॅमेरा आपोआप चालू करण्याची सोय बाजारात वर्षानुवर्षं आहे. दर आठवड्याला या नोंदी काढून पोलिसांबाहेरच्या माणसाने वाचाव्यात. फक्त यंत्रं घेऊन भागत नाही. नोंद वाचणारा माणूस नसेल, तर त्या पैशांत एक जास्तीचा हार्ड डिस्क येतो, एवढंच.

आणि वाचून कारवाई केली, तरी ती टिकते का? २०१७ मध्ये शहराने उत्तरदायित्वाचा कायदा केला. २०१८ च्या गिल्ड करारात त्यातलं बरंच काही पातळ केलं. बेड्या घातलेल्या बाईला गाडीत ठोसा मारणाऱ्या पोलिसाला खात्याने काढलं, लवादाने परत घ्यायला सांगितलं, आणि तो निर्णय रद्द करून घ्यायला शहराला न्यायालयात जावं लागलं. २०१९ मध्ये शहराच्या पोलिस खात्यावर देखरेख ठेवणारे केंद्रीय न्यायाधीश रोबार्ट यांनी याच व्यवस्थेवर बोट ठेवलं. २०१२ पासूनची त्यांची देखरेख सप्टेंबर २०२५ मध्ये संपली. आता न्यायालयासारखा शहराबाहेरून बघणारा कोणी उरला नाही, आणि नेमकं तेव्हाच शहराने हातातला पैसा सोडला.

पोलिसांना संप करता येत नाही, म्हणून कायदा लवादाची सोय करतो. पगारासाठी लवाद इतर शहरांचे आकडे बघतो. पण शिस्तीच्या बाबतीत इतर शहरांचे करारही असेच ढिले असतील, तर त्या तुलनेत सिअ‍ॅटलला काय मिळणार? नुकसानभरपाई शहराच्या दाव्यांच्या निधीतून जाते. लायब्ररीचे तास कमी करताना मात्र पैसा नसल्याचं आम्हाला सांगितलं जातं. या देशात अनेक शहरांत हीच गत आहे: चूक खात्याची, भुर्दंड करदात्याचा, आणि गेलेल्या जिवाचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही.

लवादापुढे शहर काय मागतंय, ते कलमनिहाय लोकांसमोर ठेवा. १८० दिवसांत चौकशी संपली नाही की शिक्षा बाद, या नियमाचं काय करणार ते सांगा. बडतर्फी फिरवण्याचा लवादाचा अधिकार किती राहील, तेही. आणि २०२७ नंतरच्या करारात यातलं एकही कलम अनिर्णित राहिलेलं असताना पगाराच्या ओळीवर सही करणार नाही, असं आत्ताच लेखी द्या.

आपला,
एक करदाता, साउथ लेक युनियन, सिअ‍ॅटल