दहा डोस, चार तास आणि तुम्ही दोघी

प्रिय आशाताई आणि सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

लसीकरण केंद्रांपुढच्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या. ज्यांना रांगेत उभंच राहता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत लस कशी पोचली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले, खुब्याचं हाड मोडलेले, घरीच ऑक्सिजन लावलेले, कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातले, स्मृतिभ्रंशामुळे उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं की बावरून जाणारे. कोविडचा धोका यांनाच सर्वात जास्त, आणि केंद्र यांनाच सर्वात लांब. अशा माणसांची घरी जाऊन शुश्रूषा करणं हे आमचं काम. म्हणून हे पत्र उघडपणे, राज्यभरातल्या तुम्हा सगळ्याजणींना.

साठीच्या पुढच्यांचं लसीकरण 1 मार्च 2021 ला सुरू झालं. घरी जाऊन लस देण्याचा विषय मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेतून गेला, जुलैच्या अखेरीस मुंबईत सुरुवात झाली आणि केंद्र सरकारनं सप्टेंबरमध्ये देशभरासाठी वाट मोकळी केली. तोवर ही माणसं थांबून होती. घरोघरी लस नको म्हणताना दिलेली कारणं आठवतात: लस गार ठेवणारी पेटी, म्हणजे कॅरिअर, वारंवार उघडल्यानं लस गरम होईल, डोस वाया जातील, रिअ‍ॅक्शन आली तर घरात सांभाळता येणार नाही, प्रत्येक घरी अर्धा तास थांबणं परवडणार नाही. ही कारणं खोटी नव्हती. ती तुमच्या हातांनी एकेक करून सुटली, आणि त्याचेच आभार मानायचे आहेत.

आधी थंडपणाचं घेऊ. लस जितकी गार तितकी चांगली, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही. ती 2 ते 8 अंशांत राहायला हवी, आणि गोठली तर उष्णतेइतकंच नुकसान होतं. कोव्हॅक्सिनमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो. गोठल्यावर त्याच्या गुठळ्या होतात आणि लस पुन्हा वितळली तरी ती पहिल्यासारखी होत नाही. म्हणून डीप फ्रीझरमधून काढलेला आईस पॅक तसाच कॅरिअरमध्ये टाकायचा नसतो. सिस्टर, सकाळी घाई असतानाही तुम्ही चारही पॅक टेबलावर मांडून ठेवलेत. वर दव धरेपर्यंत थांबलात, एकेक पॅक कानाशी धरून हलवलात आणि आत पाण्याचा खुळखुळ आवाज आल्यावरच फडक्यानं कोरडा करून चार भिंतींना लावलात. मधल्या जागेत प्लॅस्टिकच्या पिशवीत लसीच्या छोट्या बाटल्या, म्हणजे व्हायल, वर स्पंज, मग झाकण. हा पाऊण तास कोणत्याही अहवालात दिसत नाही. तो वाचवला असता तरी कुणाला कळलं नसतं, आणि दंडात गेलं असतं ते नुसतं पाणी.

आता दहा डोसचं गणित. कोव्हिशिल्डच्या 5 मिलीच्या व्हायलमध्ये 0.5 मिलीचे दहा डोस. एकदा व्हायल टोचून उघडली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. घरोघरच्या कामात लस दिल्यावर त्रास होतो का ते पाहायला प्रत्येकापाशी तीस मिनिटं थांबायचं म्हटलं तर दहा जणांचे तीनशे मिनिटं होतात. व्हायलकडे आहेत दोनशे चाळीस, आणि त्यात एका वाडीतून दुसऱ्या वाडीला जाणं धरलेलंच नाही. कागदावर हे जमत नाही.

जमलं ते आशाताईंच्या वहीमुळे. अंथरुणावरचा माणूस एकटा नसतो. त्याला उचलणारी सून असते, रात्री कूस बदलून देणारा मुलगा असतो, दुपारी भाकरी आणून देणारी शेजारीण असते. त्यांच्यापैकी कुणाचा पहिला डोस राहिलाय, कुणाचा दुसरा, हे वहीत आधीच होतं. एका घरात आजोबांसोबत तिघांचं लसीकरण झालं की तीस मिनिटांत चार डोस लागले. याचा दुसरा फायदा गणितापेक्षा मोठा आहे. वय झालेल्या किंवा केमोथेरपी चालू असलेल्या शरीरात लसीचा परिणाम कमी पडू शकतो. अशा माणसाभोवतीचे हात सुरक्षित केले की विषाणूला त्याच्यापर्यंत यायची वाट अरुंद होते.

कुठे पुढचं घर अगदी हाकेच्या अंतरावर असेल तर आशाताई लस घेतलेल्यांपाशी थांबल्या आणि सिस्टर पुढच्या घरी तयारीला लागल्या. अंतर जास्त असेल तिथे हे केलं नाहीत, कारण अ‍ॅड्रेनलिन हे रिअ‍ॅक्शनवरचं तातडीचं इंजेक्शन सिस्टरांच्या पिशवीत होतं. हा विवेक महत्त्वाचा. व्हायल उघडल्याची वेळ लेबलवर पेनानं लिहिलेली असायची. दहावा डोस शिल्लक दिसू लागला की वहीतून जवळपासच्या कुणाला फोन जायचा. गुरं बांधायला गेलेला माणूस तसाच धावत यायचा.

त्या वहीबद्दल आणखी एक. 13 मे 2021 ला कोव्हिशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर 12 ते 16 आठवडे झालं. कोव्हॅक्सिनचं चार ते सहा आठवडेच राहिलं. त्याच महिन्यात, कोविड होऊन बरं झालेल्यांनी तीन महिने थांबायचं असं ठरलं. म्हणजे एकाच घरात तीन जणांच्या तीन तारखा. लसनोंदणीच्या को-विन पोर्टलवर एका मोबाईल नंबरावर तेव्हा चारच जणांची नोंद होत होती, आणि कित्येक म्हाताऱ्यांकडे ना मोबाईल, ना धड आधार कार्ड. तुम्ही सगळ्या तारखा पुन्हा मांडल्यात, कुठला नंबर कुणाच्या नावाला जोडलाय ते शेजारी लिहिलंत, आणि पहिला डोस कोणत्या लसीचा ते लाल शाईनं. दुसऱ्या डोसला लस बदलली नाही ती या लाल शाईमुळे.

टोचण्याविषयी बोलायलाच हवं, कारण इथली चूक खूप दुखते. जागा खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली दोन-तीन बोटं, दंडाच्या जाड स्नायूत, सुई सरळ काटकोनात. आजींचा चोळीवजा ब्लाऊज दंडाला घट्ट असतो, बाही वर सरकत नाही. मग बरेच जण गळ्याकडून ब्लाऊज खाली ओढतात. त्यानं उघडी पडते ती खांद्याची वरची बाजू, आणि लस स्नायूत न जाता सांध्याजवळ जाते. त्यानंतर कित्येक आठवडे हात वर होत नाही. ज्या बाईचा तोच एक हात धड आहे, तिला पाण्याचा तांब्याही उचलता येत नाही. सिस्टर, तुम्ही पुरुषांना पडवीत पाठवलंत, अंगावर शाल टाकलीत, बाहीतून हात पूर्ण बाहेर काढलात आणि हाडावर बोटं ठेवून जागा मोजलीत. स्नायू झिजलेल्या दंडाला दोन बोटांत अलगद धरलंत. डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेला फिस्टुला असलेला हात टाळलात, स्तनाची शस्त्रक्रिया झालेली बाजू टाळलीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कापूस न चोळता निदान दोन मिनिटं दाबून धरायला लावलात. सिरिंजमध्ये आधी हवा ओढायची जुनी सवय तुम्ही मोडलीत, कारण एकदाच वापरायच्या एडी सिरिंजचा दट्ट्या एकदाच मागे येतो. हवा भरली की ती सिरिंज गेली.

रिअ‍ॅक्शनची भीती सर्वात मोठी होती. तुम्ही ती तयारीनं हाताळलीत. चक्कर येऊन पांढरं पडणं वेगळं, त्यात नाडी मंद होते आणि आडवं झोपवून पाय उंच केले की माणूस सावरतो. अंगावर गांध्या, ओठ सुजणं, छातीत घरघर आणि नाडी वेगानं पळणं म्हणजे जीवघेणी अ‍ॅलर्जी, अ‍ॅनाफिलॅक्सिस. तिथे वाट पाहायची नसते. अ‍ॅड्रेनलिन 1:1000, मोठ्या माणसाला 0.5 मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. डोसची चिठ्ठी तुम्ही किटच्या झाकणाला आतून चिकटवली होती, आणि 108 ला फोन लागेल अशी रेंज अंगणात कुठे मिळते ते आल्या आल्या पाहून ठेवत होतात.

लसीइतकंच आभाराचं काम म्हणजे रोग घरात न नेणं. दिवसाला आठ-दहा अशक्त माणसांच्या उशाशी जाणारी व्यक्तीच विषाणूचं वाहन होऊ शकते, हे तुम्ही एकदाही विसरला नाहीत. निघण्याआधी फोन करून विचारायचं: घरात कुणाला ताप, खोकला, घसा? केमोथेरपीचा किंवा डायलिसिसचा रुग्ण दिवसात पहिला. खोकल्याची शंका असलेलं घर पुढच्या तारखेला. आत शिरण्याआधी समोरासमोरच्या खिडक्या-दारं उघडायला सांगणं, एकच खिडकी असेल तर टेबल फॅन तिच्याकडे तोंड करून लावणं, म्हणजे आतली हवा बाहेर जाते. खाटेपाशी एकच माणूस, बाकीचे अंगणात. रुग्णाला धाप लागत असेल तर त्याला मास्कची सक्ती न करता सिस्टरांनी स्वतःचा एन-95 नाकाच्या पट्टीवर नीट दाबून घेतला. मास्क सैल असेल तर कडेनं हवा जाते, मग तो कितीही महाग असो.

फवारणीच्या वेडापायी त्या काळात माणसांवरही हायपोक्लोराइट हे क्लोरीनचं जंतुनाशक उडवलं गेलं. त्यानं डोळे आणि फुप्फुसं जळतात, संसर्ग थांबत नाही. तुम्ही घरच्यांना साधं सांगितलंत: बाजारातलं 5 टक्क्यांचं हायपोक्लोराइट एक भाग आणि पाणी चार भाग, म्हणजे 1 टक्का. रोज ताजं करा, ठेवलं की क्लोरीन उडून जातो. आधी साबणानं मळ काढा, मग हे लावा, नाहीतर मळच क्लोरीन खाऊन टाकतो. संडासाच्या अ‍ॅसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. ऑक्सिमीटरला आणि मोबाईलला मात्र स्पिरिटचा बोळा.

ऑक्सिमीटरवरून आठवलं. मेंदी किंवा नेलपॉलिश लावलेलं बोट टाळणं, गार पडलेला हात चोळून ऊब आणणं, आकडा स्थिर होईपर्यंत थांबणं, हे तुम्ही घराघरांत शिकवलंत. सहा मिनिटं चालून पाहायची चाचणी तेव्हा सगळीकडे सांगितली जात होती, पण अंथरुणावरच्या माणसाला चालायला कसं सांगणार? तुम्ही घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर छातीचे श्वास मोजायला शिकवलंत. 24 किंवा जास्त, किंवा आकडा 94 च्या खाली, की लगेच कळवायचं. आणि म्हाताऱ्या माणसात ताप येईलच असं नाही, जेवण टाकलं, अचानक बरळायला लागले, ग्लानीत गेले तरी कोविड समजून तपासा, हेही तुम्हीच सांगत होतात. हे सांगणं वेळेवर गेलं तिथे माणूस वेळेवर दवाखान्यात गेला.

निघताना सुई टोपणात परत न घालता जागीच ती कापणाऱ्या हब कटरमध्ये, कापसाचा बोळा पिवळ्या पिशवीत, सिरिंज लाल पिशवीत, आणि सगळं परत प्राथमिक आरोग्य केंद्रात. कुणाच्या उकिरड्यावर एक सुई राहिली नाही.

आशाताई, या सगळ्या कामाचा कोविड भत्ता केंद्राकडून दरमहा 1000 रुपये होता. जून 2021 मध्ये तुम्हाला संपावर जावं लागलं ते उगाच नाही, आणि त्या मागण्या रास्त होत्या असं आम्ही तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला. तो तुमचाच होता. मानधनाचा प्रश्न त्यानं सुटत नाही.

एक विनंती करून थांबतो. त्या वहीत तुम्ही पट्टीनं आखून एक जास्तीचा रकाना काढला होता, वर लिहिलं होतं 'उठू न शकणारे'. छापील नोंदवहीत तो नव्हता. नवीन वही सुरू कराल तेव्हा तो रकाना पुन्हा आखा. त्यातली नावं आम्ही आमच्याकडच्या यादीवरून दर तीन महिन्यांनी तुम्हाला भरून देऊ.

मनापासून आभार.

तुमचे,
घरोघरी शुश्रूषा करणारे आम्ही काही जण