भात त्याचे, बोनस माझा

महोदय,

भाताच्या बोनसचे 12 हजार रुपये खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला, तेव्हा मी कळव्याच्या बाजारात शेपूच्या जुडीचा भाव करत होतो. 2024-25 च्या खरिपासाठी सरकारने हेक्टरी 20 हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, जाहीर केले होते. मुरबाड तालुक्यात माझ्या नावावर साठ गुंठे आहेत, त्याचे हे 12 हजार. आता खरे सांगतो. त्या खाचरात मी पाय घातला त्याला अकरा वर्षे झाली.

शेत कसतो गावाजवळच्या वाडीवरचा एक कातकरी गडी, अर्धेलीने. बियाणे-खत निम्मे-निम्मे, बाकी राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत सगळे तो आणि त्याची बायको. दिवाळीनंतर माझ्या वाट्याची पोती टेम्पोत चढवून देतो तोही तोच. बोनसच्या नोंदणीला सातबारा लागतो, तो माझा. ई-पीक पाहणी लागते, ती त्याच्या पोराने बांधावर उभे राहून मोबाइलवर केली, माझ्या नावाने. मला पाठवलेल्या फोटोत लोंब्यांनी वाकलेले भात आहे आणि कडेला पोराची सावली पडली आहे. सरकारदरबारी त्या घराची तेवढीच नोंद.

पूर्वी हा बोनस क्विंटलमागे मिळायचा. आता हेक्टरी झाला, आणि नोंदणी असली की भात सरकारी खरेदी केंद्रावर घातले काय, न घातले काय, सारखेच. म्हणजे पैसे पिकाचे न राहता जमिनीचे झाले. गंमत अशी की पीएम-किसानमध्ये मी बसत नाही, कारण माझी पेन्शन महिना 10 हजारांच्या वर आहे. तो नियम मला पटतो. बोनसच्या वेळी मात्र पेन्शनचे कुणी विचारले नाही. आणि तो? त्याला ना पीएम-किसान, ना नमो शेतकरी. दोन्हींना स्वतःच्या नावाची जमीन लागते. ऑक्टोबरच्या पावसात कापलेले भात खाचरातच कोंबारले, तरी पंचनाम्यात नाव माझेच.

मी सहा हजार घेऊन वाडीवर गेलो. आवणी चालू होती. त्याची बायको गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरले. नोटा पाहून म्हणाली, "काका, ही उचल हाय का? उचल नको, वीटभट्टीचीच फिटली नाय अजून." बोनस म्हणजे काय हे तिला समजावताना माझीच जीभ अडखळत होती.

मग कसायला दिल्याचे लिहून का देत नाही, असे कुणी विचारील. भीती वाटते. कागदावर नाव लागले की कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही गावातल्या प्रत्येक खातेदाराची धास्ती. आणि हे बोलतो कोण, तर ज्याच्या आजोबांच्या नावावर हीच जमीन कुळकायद्याने, 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनामुळे (त्या दिवसापासून कसणारी कुळेच मालक मानली गेली) चढली तो मी! तोवर आजोबा एका सावकाराचे कूळ होते. त्यांचे 32-मचे, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचे, प्रमाणपत्र आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत अजून आहे.

आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये यावर वाट काढली. 11 महिन्यांचा करार, मालकी हक्काला धक्का नाही, आणि कसणाऱ्याला कार्ड, त्यावर पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई. आपल्याकडे इतके होईल तेव्हा होईल. निदान भाताच्या नोंदणी अर्जात 'प्रत्यक्ष कसणारा' असा एक रकाना घाला, त्याचे बँक खाते घ्या आणि मालकाच्या संमतीने निम्मा बोनस तिकडे वळवा. संमती द्यायला मी तयार आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत बसलेले माझ्यासारखे खातेदार कोण कोण, हे गावात लहान पोरही सांगेल.

यंदा नोंदणी सुरू झाली की सातबाऱ्यासाठी त्या पोराचा फोन येईलच. त्याआधी हा रकाना व्हावा.

— मुरबाड तालुक्यातील एक खातेदार, कळवा (ठाणे)