सॅक क्वार्टरबॅकच्या नावावर, भगदाड दुसऱ्याचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो, त्यामुळे त्याची बातमी मंगळवारच्या अंकात येते, तीही चार-सहा ओळींची. त्या ओळींत जिंकणारा आणि हरणारा असे दोन क्वार्टरबॅक (पास फेकणारे) असतात, बाकीचे सगळे गायब. फेब्रुवारी 2025 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सला 40-22 असे हरवले, तेव्हाही मराठी वृत्तपत्रांतला सूर ‘चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स अपयशी’ असाच होता. या खेळाचे मराठी वाचक आता बरेच झाले आहेत, पोरे-बाळे अमेरिकेत असल्यामुळे म्हणा किंवा मोबाइलवर सामने दिसतात म्हणून म्हणा. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

त्या सामन्यातले महोम्सचे आकडे बघा: 32 पैकी 21 पास पूर्ण, 257 यार्ड, 3 टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणे). वाचून कुणाला वाटेल, इतके काही वाईट नाही. पण मध्यंतराला चीफ्स 0-24 असे मागे होते आणि अख्ख्या पहिल्या अर्ध्यात त्यांनी मिळून 23 यार्ड काढले होते. तिन्ही टचडाउन 0-34 झाल्यानंतरचे. महोम्स त्या दिवशी सहा वेळा सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच मागच्या मागे पाडला गेला. आणि हे सगळे ईगल्सने एकदाही ब्लिट्झ न करता केले.

हे शेवटचे वाक्य कळायला थोडे गणित लागते. आक्रमण करणाऱ्या संघाचे अकरा जण. त्यातले पाच ऑफेन्सिव्ह लाइनमधले: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडांना टॅकल. सहावा क्वार्टरबॅक. उरलेले पाच जण पास झेलायला पळू शकतात. समोरचा संघ चौघांना चाल करून पाठवतो आणि सात जणांना मागे पहाऱ्याला ठेवतो. पाच रोखणारे, चार येणारे, म्हणजे आक्रमणाकडे एक माणूस जास्तीचा. एवढे असूनही चौघे घुसत असतील तर मागे सात पहारेकरी आणि पुढे फक्त पाच पळणारे, असा व्यस्त हिशेब होतो. क्वार्टरबॅकने चेंडू फेकायचा कुणाकडे? ब्लिट्झमध्ये पाचवा-सहावा माणूस आत येतो तेव्हा निदान त्याची मागची जागा मोकळी पडते आणि हुशार क्वार्टरबॅक तिथेच चेंडू टाकतो. चौघांतच काम भागले तर तीही वाट बंद.

मग लाइन का फुटली? चीफ्सकडे डाव्या टॅकलच्या जागी भरवशाचा माणूस नव्हता. म्हणून त्यांनी जो थुनी नावाचा आपला सर्वांत चांगला गार्ड मोसमाच्या उत्तरार्धात टॅकलला हलवला आणि गार्डच्या जागी माइक कॅलिएंडोला उभे केले. एक भोक बुजवायला गेले आणि दोन जागा हलल्या. कबड्डीत साखळीतला एक हात ढिला पडला की रेडर नेमका तिथूनच निसटतो, तसेच हे. कडेवरून जॉश स्वेटने अडीच सॅक घेतले (दोघांनी मिळून पाडले की अर्धा-अर्धा वाटून देतात) आणि आतून मिल्टन विल्यम्सने दोन.

कडेवरून येणारा दबाव आणि आतून येणारा दबाव यांत मोठा फरक आहे आणि तोच बहुतेक वर्णनांतून सुटतो. क्वार्टरबॅक साधारण पाच यार्ड मागे उभा राहून स्नॅप (सेंटरने पायांमधून मागे दिलेला चेंडू) घेतो आणि आणखी दोन-तीन पावले मागे सरकतो. म्हणजे चेंडू हातातून सुटतो ती जागा लाइनपासून सात-आठ यार्डांवर. कडेच्या खेळाडूला तिथवर पोचायला कमानीसारखे वळसा घालून पळावे लागते. टॅकल मागे सरकत सरकत त्याला त्या कमानीवरच ढकलत नेतो, नऊ-दहा यार्डांच्या पलीकडे. अशा वेळी क्वार्टरबॅकचे काम सोपे असते: एक-दोन पावले पुढे यायचे. येणारा पाठीमागून निघून जातो. टॅकल हरल्यासारखा दिसतो, पण खरे तर त्याने आपले काम केलेले असते.

आतून गार्ड किंवा सेंटर मागे ढकलला गेला की ही पुढची जागाच संपते. उजव्या हाताने फेकणाऱ्याला फेकताना डावा पाय समोर रोवायचा असतो. पावलाची लांबी फूट-दीड फूट, फार नाही. त्या पावलावर वजन येते, मग कंबर वळते, मग खांदा, सर्वांत शेवटी हात. गार्डची पाठ गुडघ्याला लागत असेल तर पाय रोवताच येत नाही, वजन मागच्या पायावरच राहते आणि चेंडू नुसत्या हाताच्या जोरावर जातो. तो वर चढतो, झेलणाऱ्याच्या डोक्यावरून जातो आणि सेफ्टीच्या, म्हणजे सर्वांत मागच्या पहारेकऱ्याच्या, हातात पडतो. धावफलकावर लिहिले जाते इंटरसेप्शन, क्वार्टरबॅकच्या नावावर. गार्डच्या नावासमोर काहीच लिहिले जात नाही.

याचे ठळक उदाहरण 2008 च्या सुपर बोलचे. त्या मोसमात टॉम ब्रेडीच्या न्यू इंग्लंड संघाने 589 गुण केले होते आणि 18 सामन्यांत एकही हार नव्हती. न्यूयॉर्क जायंट्सने जस्टिन टक या कडेच्या खेळाडूला बरेचदा आत, गार्डसमोर उभे केले. ब्रेडी पाचदा पडला आणि तो विक्रमी संघ 14 गुणांवर थांबला. निकाल 17-14.

नुसत्या सॅकच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. 2021 च्या सुपर बोलमध्ये टॅम्पा बेने चीफ्सला 31-9 असे धुतले. महोम्सचे सॅक होते फक्त तीन. पण त्याच्यावर दबाव आला 29 वेळा. चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, दुखापतीमुळे बाहेर होते. तीन सॅक एवढ्याचसाठी की पळून पळून, आडवा होत, पडता पडताही तो चेंडू सोडत राहिला. 49 पैकी 26 पास पूर्ण, दोन इंटरसेप्शन, एकही टचडाउन नाही. सॅक मोजणाऱ्याला वाटेल, लाइन ठीकच होती.

लाइन फुटते ती दरवेळी ताकद कमी पडली म्हणून नव्हे. बरेचदा तो हिशेबाचा घोळ असतो. स्नॅपच्या आधी सेंटर किंवा क्वार्टरबॅक समोरच्या एका लाइनबॅकरकडे (चाल करणाऱ्यांच्या मागे उभ्या बचावपटूकडे) बोट दाखवून नंबर ओरडतो. तो झाला ‘माइक’. लाइनच्या जबाबदाऱ्या तिथपासून वाटल्या जातात आणि उरलेल्याला रनिंग बॅकने (एरवी चेंडू घेऊन पळणाऱ्याने) अडवायचे असते. माइक चुकीचा ठरवला तर दोन गार्ड मिळून एकालाच धरतात आणि पलीकडून एक जण बिनविरोध आत येतो. दुसरा नेहमीचा प्रकार स्टंटचा. आतला खेळाडू टॅकलवर धडक देतो आणि कडेचा त्याच्या पाठीमागून वळून आत शिरतो. गार्ड आणि टॅकलने आपापली माणसे एकमेकांकडे सोपवायची असतात. एकाने सोपवले आणि दुसऱ्याने आपल्याच माणसाला धरून ठेवले की मधे दार उघडे. पाच जण महिनोन्महिने शेजारी-शेजारी खेळले तरच हे जमते. म्हणून एकाच्या दुखापतीने लाइनचे पाचातले एक नव्हे, त्याहून बरेच जास्त नुकसान होते. परक्या मैदानावर गोंगाट असला की आणखी पंचाईत. ओरडलेले ऐकू येत नाही, चेंडू हललेला बघूनच टॅकल निघतो आणि अर्धा क्षण मागे पडतो. घाईने आधी हलला तर फॉल्स स्टार्ट, पाच यार्ड दंड. मागे पडल्यावर जर्सी ओढली तर होल्डिंग, दहा यार्ड.

एका सॅकचे मोल किती? दहा यार्ड काढायला चार संधी मिळतात, त्या प्रत्येकीला डाउन म्हणतात. पहिल्या डाउनला दहा यार्ड हवे असताना सात यार्ड मागे पडले की दुसऱ्या डाउनला सतरा हवे होतात. आता पळण्याची हूल देऊन उपयोग नाही, कारण पास येणार हे सगळ्या मैदानाला ठाऊक. चाल करणारे धावेची काळजी सोडून सरळ क्वार्टरबॅकवर येतात. म्हणजे पहिला सॅक दुसऱ्याची सोय करून ठेवतो.

आणि मग सवयी बिघडतात, ज्यांचा आकडा कुठेच छापून येत नाही. वारंवार मार खाल्लेल्या क्वार्टरबॅकची नजर लांबच्या रिसीव्हरवरून (पास झेलणाऱ्यावरून) उतरून समोरच्या धडकेकडे जाते. पाय थरथरायला लागतात, पॉकेट (लाइनने राखलेली जागा) शाबूत असतानाही तो बाहेर पळतो, दुसऱ्या-तिसऱ्या रिसीव्हरकडे बघतच नाही, चार यार्डांचा जवळचा पास देऊन मोकळा होतो. डेव्हिड कारचे हेच झाले असे माझे मत आहे. 2002 मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स हा नवा संघ आला आणि ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या क्रमांकावर त्याला घेतले. त्याच्या रक्षणासाठी टोनी बोसेली हा नावाजलेला टॅकल घेतला होता, पण खांद्याच्या दुखण्यामुळे तो ह्यूस्टनकडून एकही सामना खेळला नाही. पहिल्याच मोसमात कार 76 वेळा सॅक झाला, जो आजही विक्रम आहे. पाच मोसमांत 249. नंतर तो दुसऱ्या संघांत गेला, पण त्याचे चांगले दिवस कधी आलेच नाहीत.

आता दुसरी बाजू, कारण सगळे खापर लाइनवर फोडणेही खरे नाही. चेंडू धरून बसणारा क्वार्टरबॅक चांगल्या लाइनलाही बदनाम करतो. डॅन मरिनो 1988 मध्ये सहाशेच्या वर पास फेकून अवघा सहा वेळा सॅक झाला. पेटन मॅनिंग 2009 मध्ये दहा वेळा. दोघेही पळण्यात मंद. त्यांचे रक्षण निम्मे लाइन करायची, निम्मे त्यांचे डोके आणि झटक्यात सुटणारा हात. उलट शिकागोचा केलेब विल्यम्स 2024 मध्ये 68 वेळा पडला. लाइन कच्ची होतीच, पण त्यातले बरेच सॅक त्याने चेंडू फार वेळ धरल्याचेही होते. फरक ओळखायचा साधा उपाय म्हणजे स्नॅप झाल्यावर मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ मोजायचे. अडीच सेकंदांच्या आत धडक बसली तर बहुधा लाइनचा दोष. साडेतीन ओलांडली तर क्वार्टरबॅकला विचारा.

सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरो या दोन्हींच्या मधे बसतो. 2021 च्या मोसमात सिनसिनाटीने ड्राफ्टमध्ये पेनाय सूअल हा टॅकल सोडून जमार चेस हा रिसीव्हर घेतला. बरोचे 70.4 टक्के पास पूर्ण झाले, लीगमध्ये सर्वाधिक. तो सॅकही 51 वेळा झाला, तेही सर्वाधिक. प्लेऑफमध्ये टेनेसीविरुद्ध नऊ वेळा पडूनही सामना 19-16 असा जिंकला. चेसला घेणे बरोबर ठरले असे तेव्हा सगळे म्हणत होते. मग सुपर बोल आला, सात सॅक झाले. 20-23 अशी पिछाडी, शेवटचे मिनिट, चौथा डाउन, एक यार्ड हवा. चेसवर पहारा देणारा जेलन रॅमझी घसरला आणि चेस मोकळा पळत होता. पण आतून आरन डोनल्डने गार्डला मागे टाकून बरोला गरकन फिरवले आणि चेंडू भलतीकडेच पडला. रिसीव्हर मोकळा होता, त्याच्याकडे बघायला एक सेकंद नव्हता.

उपाय आहेत, पण फुकट एकही नाही. टाइट एंडने (लाइनच्या कडेला उभे राहून रोखणाऱ्या आणि पासही झेलणाऱ्याने) पळण्याआधी कडेच्या माणसाला खांदा मारून जायचे, तर त्याची धाव उशिरा सुरू होते. टाइट एंड आणि रनिंग बॅक दोघांना रक्षणाला ठेवले तर रोखणारे सात होतात, पण पळणारे तीनच, तेही सात पहारेकऱ्यांविरुद्ध. झटपट पास, स्क्रीन पास (चाल करणाऱ्यांना आत येऊ देऊन त्यांच्या मागे दिलेला छोटा पास) चालतात, पण मग मागचे पहारेकरी पुढे येऊन बसतात. खरा उपाय एकच, चांगली माणसे आणणे. चीफ्सने 2021 च्या पराभवानंतर पाचही जागा बदलल्या: थुनीला घेतले, ऑर्लँडो ब्राउनला ट्रेडमध्ये आणले, सेंटर क्रीड हम्फ्री दुसऱ्या फेरीत आणि गार्ड ट्रे स्मिथ थेट सहाव्या फेरीत मिळाला. दोन वर्षांनी, फेब्रुवारी 2023 मध्ये, मोसमात 70 सॅक केलेल्या ईगल्ससमोर महोम्स एकदाही सॅक झाला नाही आणि चीफ्स 38-35 ने जिंकले. समोरचा संघ तोच, क्वार्टरबॅक तोच. पुढच्या दोन वर्षांत काय बदलले ते वर लिहिलेच आहे.

जाता जाता: 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल येतो आहे. त्यात पाच-पाच जण खेळतात, अंगाला अंग लावायचे नाही, त्यामुळे रक्षणाची लाइन हा प्रकारच नाही. चाल करणारा सात यार्डांवरून निघतो. त्यावरून इकडचे अंदाज बांधू नयेत.

विनंती एवढीच, की पुढच्या सुपर बोलच्या बातमीत क्वार्टरबॅकच्या आकड्यांखाली आणखी तीन आकडे द्यावेत: त्याच्यावर दबाव किती वेळा आला, समोरच्यांनी ब्लिट्झ किती वेळा केला आणि नेहमीच्या पाचांपैकी लाइनमध्ये किती जण उभे होते. जागा नसेल तर मध्यंतरातल्या गाण्याबजावण्याचा फोटो दोन कॉलमांऐवजी एका कॉलमात बसवावा.

आपला,
क्रीडापान शेवटून वाचायला सुरुवात करणारा एक वाचक