गेममधली चारी आणि आपलं चोपण

पुणे, ११ ऑगस्ट

प्रिय बाळ्या,

परवा तुझे तीन फोन मी घेतले नाहीत. कारण सांगितलं तर शिव्या घालशील. माझ्या शहरात दुष्काळ पडला होता, कोठारात धान्याचा दाणा नव्हता आणि माणसं बोचकी बांधून निघाली होती.

फॅरो आठवतो का, जुन्या इजिप्तचं शहर वसवायचा तो गेम? १९९९ सालचा. सांगलीत कॉलेज बुडवून त्या बोळातल्या कॅफेत एकाच खुर्चीवर दोघं अर्ध्या अर्ध्या ढुंगणावर बसून खेळायचो. तू पिरॅमिड बांधायला घाई करायचास आणि मी शेतीवरून तुझ्याशी भांडायचो. त्याची नवी आवृत्ती २०२३ मध्ये आली. पोरानं लॅपटॉपवर घेऊन दिली आणि बाप बिघडला.

झालं काय, नाईलच्या गाळपेरात मी गव्हाची आठ शेतं टाकली. दरवर्षी पूर येतो, जमिनीचा कस भरून येतो, पीक काढलं की उतरतो. पूर कमी आला की पुढचं वर्ष गेलंच. त्यावर उपाय म्हणजे चाऱ्या. नदीपासून चारी खणून शेतांच्या मधून फिरवली की आजूबाजूच्या जमिनीचा कस वाढतो. मी झकास चारी ओढली, पार शेवटच्या शेतापर्यंत. तरी पीक रोडकंच. दोन वर्षं देवाला दोष दिला, ओसायरिसची देवळं वाढवली, नवस केले. मग नकाशा मोठा करून बघतो तर चारी नदीच्या तोंडाशीच एका चौकोनाएवढी तुटलेली! अख्खी चारी कोरडीठाक आणि मी तिच्या काठानं देवळं बांधत बसलेलो. तू असतास तर पाठीत गुद्दा घातला असतास. पाटकऱ्याला चहा पाजून पाणी फोडून घेणाऱ्या घरातला मी, आणि चारीचं तोंड बघितलं नाही.

तोंड जोडलं आणि चारीत निळं पाणी सरकत गेलं. खोटं नाही सांगत, पाळी आल्यावर बांधावर उभं राहून पाण्याची वाट बघायचो, तसंच वाटलं. वरच्या रानातल्या शेतांसाठी पाणी उचलायचं यंत्रही आहे. त्याच्याकडे बघून मला आपल्या कोकणातली ओकती आठवली, एका टोकाला पोहरा आणि दुसऱ्या टोकाला वजन. इजिप्तच्या चित्रांत ती दिसते पिरॅमिडांनंतर हजारेक वर्षांनी. गेमवाल्यांनी दोन्ही एकाच गावात नांदवलंय. असो, आपल्या मालिकांत तरी कुठं फरक असतो.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. गेममध्ये चारी खणली की कस वाढतोच, पाण्यानं कधी उतरत नाही. कितीही पाणी द्या, काही बिघडत नाही. हे मला खेळताना खटकत होतं आणि का खटकतंय ते कळत नव्हतं. मग रात्री अडीचला आज्जाचं खालचं दीड एकर डोळ्यांपुढं आलं.

तुला माहितेय ते. नदीच्या बाजूचं, काळंभोर. नदीतून उपसलेलं लिफ्टचं पाणी आलं तेव्हा आज्जानं त्यात ऊस धरला आणि पाणी म्हणजे अमृत असल्यासारखं पाजत सुटला. जमिनीला वाफसा, म्हणजे ओल आणि हवेचा मेळ, येऊच दिला नाही. सात-आठ वर्षं टनेज असं निघालं की गावात नाव झालं. मग एका उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरं दिसायला लागलं. मी अनवाणी चालायचो, तर पायाखाली पापडासारखं कुरकुरायचं. आज्जानं चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकला आणि काही न बोलता घरी गेला. पुढच्या लागणीचे कोंब पिवळे पडून जागीच बसले. पाणी खाली साचत गेलं, त्याबरोबर मीठ वर आलं, आणि उन्हानं पाणी उडालं तरी मीठ तिथंच राहिलं. रान चोपण झालं, मिठानं नापीक.

म्हणून मी उलट वाचायला घेतलं, की इजिप्तची जमीन मग हजारो वर्षं कशी टिकली? तर तिथं पाणी येण्याइतकंच जाणंही ठरलेलं होतं. ऑगस्ट-सप्टेंबरात पूर चढायचा, बांध घालून केलेल्या मोठमोठ्या वाफ्यांत महिना-दीड महिना पाणी थांबवायचं, इथिओपियाच्या डोंगरांतला गाळ बसू द्यायचा, आणि मग ते पाणी पुढच्या वाफ्यात नाहीतर परत नदीत सोडून द्यायचं. जाताना ते मीठही धुऊन न्यायचं. पेरणी त्यानंतर ओल्या चिखलात. एकच पीक. एकोणिसाव्या शतकात तिथला राज्यकर्ता महंमद अली यानं कापसासाठी बारमाही कालवे काढले आणि मग तिथंही जमिनी पाणथळ आणि खारट व्हायला लागल्या. कापसाच्या जागी ऊस घाल आणि आपलं गाव आठव. १९७० मध्ये अस्वानचं मोठं धरण पुरं झाल्यावर तर गाळही धरणाच्या मागंच राहिला. आता तिथले शेतकरी खताची पोती टाकतात आणि जमिनीखाली निचऱ्याचे पाइप घालतात.

गेमला मी नावं ठेवत नाही, त्या काळापुरतं त्याचं बरोबरच आहे. दरवर्षी पूर येऊन जातो ना तिथं! आपल्याकडं पूर आला तर पंचनामा.

आता मुद्द्याचं. खालचं दीड एकर विकावं असं चुलत्यांच्या मनात आहे, भाव मातीमोल. तू तुझ्या रानात निचऱ्यासाठी सच्छिद्र पाइप टाकून घेतलेस ना? एकराला एकूण काय पडलं, चर किती खोल काढलेस आणि पाणी बाहेर कुठं काढलंस, तेवढं सविस्तर कळव. ओढा आमच्यापासून चार शेतं लांब आहे आणि मधल्यांपैकी एकाशी आमचं बोलणं बंद आहे, हे तुला ठाऊकच आहे. त्याच्याशी तुझं बरं असेल तर जरा चाचपून बघ.

काकूंना नमस्कार. फोन आता उचलीन. माझ्या गावात यंदा कोठार भरलंय.

तुझा,
दिन्या