नोंदीची वेळ डेटाबेसलाच लिहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अर्ज मुदतीत आला की नाही, दोन तक्रारींपैकी आधीची कोणती, असले वाद आता टेबलातला एक कॉलम बघून मिटवले जातात : नोंद कधी तयार झाली. डेटाबेस सांभाळणे हा माझा पेशा. हा कॉलम अजूनही कितीतरी ठिकाणी ॲपच्या भरवशावर सोडलेला असतो, याचा मला राग येतो.

परवाच एका टेबलात तक्रार दाखल झाल्याची वेळ १०:५७ आणि ती बंद झाल्याची १०:४२ दिसली. दाखल झाल्याची वेळ फोनने पाठवलेली, बंद झाल्याची सर्व्हरने. फोनचे घड्याळ पुढे होते, एवढेच. पण कागदोपत्री खोटा ठरणार तो तक्रारदार!

उपाय एका ओळीचा आहे. टेबल बनवतानाच त्या कॉलमला ‘नॉट नल डिफॉल्ट करंट टाइमस्टॅम्प’ लावावे, म्हणजे ‘जागा रिकामी चालणार नाही; वेळ दिली नाही तर आत्ताची भर’. इन्सर्टमध्ये, म्हणजे नवी नोंद घालण्याच्या आदेशात, हा कॉलम गाळला की डेटाबेस स्वतःच्या घड्याळाने वेळ भरतो. ॲप असो, रात्री चालणारी स्क्रिप्ट असो की कोणी हाताने चालवलेली क्वेरी, घड्याळ एकच. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत ही सोय टाइमस्टॅम्प प्रकारच्या कॉलमला होतीच; ५.६ आवृत्तीपासून तारीख-वेळ साठवणाऱ्या डेटटाइम या दुसऱ्या प्रकारालाही आहे.

मात्र इन्सर्टमध्ये कोणी वेळ लिहून दिली, तर डेटाबेस तीच मुकाट घेतो. म्हणून ॲप ज्या खात्याने डेटाबेसला जोडले जाते, त्या खात्याला बाकीच्या कॉलमांपुरताच लिहिण्याचा अधिकार द्यावा. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांत तर टेबलातला पहिला टाइमस्टॅम्प कॉलम, वेगळे काही सांगितले नाही तर, प्रत्येक अपडेटला बदलायचा. अशा जुन्या टेबलात नावातली एक वेलांटी दुरुस्त केली तरी नोंदीची जन्मवेळ आजची होते. ही टेबले शोधून काढायलाच हवीत.

सगळ्यात जास्त नुकसान चालू टेबलात हा कॉलम मागाहून जोडताना होते. डिफॉल्टसकट जोडला, तर सगळ्या जुन्या नोंदींना कॉलम जोडल्याची वेळ चिकटते आणि पाच वर्षांपूर्वीचा अर्ज आज आलेला दिसतो. तेव्हा कॉलम आधी रिकामा जोडावा, डिफॉल्ट नंतर वेगळ्या आदेशाने लावावे; ते फक्त नव्या नोंदींना लागू होते. तिथे ‘नॉट नल’चा हट्ट नको. जुन्या नोंदीची खरी वेळ माहीत नसेल, तर ती जागा रिकामीच राहू द्यावी.

आपली,
एक डेटाबेस प्रशासक